कोपऱ्यातला हत्ती, तिरका उंट: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बुद्धिबळावर चार माणसं गप्पा मारायला बसली की एक वाद हमखास निघतो. मूळ चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपात, हत्ती राजा-प्रधानाला लागून उभा असे, म्हणजे आज आपण उंट मांडतो त्या घरात. कोपऱ्यात रथ असे. मग रथाला हत्ती आणि हत्तीला उंट म्हणणं ही मराठीची चूक, असं कोणीतरी ठासून सांगतं आणि बाकीचे माना डोलावतात. यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. ‘चूक’ हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खेळ इराणात गेला तेव्हा हत्तीचा ‘पील’ झाला आणि अरबीत ‘फील’. स्पेनमध्ये तिरक्या मोहऱ्याला आजही ‘अल्फील’ म्हणतात, म्हणजे शब्दशः हत्तीच. रशियन भाषेत ते मोहरं हत्ती आहे आणि बंगालीत ‘गज’. एवढे साक्षीदार एका बाजूला असताना हिंदी-मराठीचा उंट एकटा पडल्यासारखा वाटतो खरा.

जुन्या हत्तीची चाल आजच्या उंटासारखी नव्हती. तो तिरपा बरोबर दोन घरं जायचा आणि मधल्या घरात कोणी असलं तरी त्यावरून उडी मारायचा. पट मांडून करून पाहा. सी-१ वरून, म्हणजे उंटाच्या घरातून (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), निघालेला असा हत्ती ए-३, ई-३, जी-१, सी-५, जी-५, ए-७ आणि ई-७ एवढीच घरं गाठतो. पहिलं घर धरून चौसष्टांपैकी आठ. एकाच बाजूचे दोन हत्ती एकमेकांच्या घरात कधी येत नाहीत, म्हणून एकमेकांना जोर देऊ शकत नाहीत. समोरच्याच्या हत्तीशीही त्यांची गाठ पडत नाही. सैन्यातला सर्वांत भारी प्राणी पटावर असा दुबळा असणं खेळणाऱ्यांना खटकलं असणार.

चाल बदलून पाहण्याचे प्रयोगही भारतात झाले. अकराव्या शतकात पंजाबात आलेल्या एका विद्वानाने हत्तीची वेगळीच चाल नोंदवली आहे: पुढे एक घर किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर. चार पाय आणि सोंड मिळून पाच.

वादाचा निकाल लावणारी नोंद मात्र त्याच्याही आधीची आहे. नवव्या शतकात बगदादच्या एका नामवंत खेळाडूने भारतीय पद्धतीचा एक प्रकार लिहून ठेवला. त्यात हत्ती कोपऱ्यात उभे आहेत आणि सरळ रेषेत दोन घरं उडी मारतात. म्हणजे कोपऱ्यातला आणि सरळ चालणारा हत्ती ही मराठी घरांत अलीकडे झालेली गडबड नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वीही भारतात दोन्ही मांडण्या होत्या. एक इराणमार्गे जगभर पसरली, दुसरी इथेच राहिली.

उंटाची साक्ष सतराव्या शतकातली आहे आणि तिला महाराष्ट्राचा धागा आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या एका धर्मशास्त्रकाराने ‘नीतिमयूख’ हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला. त्यात बुद्धिबळाचं वर्णन आहे. राजा आणि मंत्री मधोमध, त्यांच्या बाजूला उंट, मग घोडे, टोकाला हत्ती आणि पुढच्या रांगेत पायदळ. आज मराठी घरात पट मांडतात तो असाच. जी मांडणी संस्कृत ग्रंथात जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी लिहिली गेली, तिला अडाण्यांचा गोंधळ म्हणणं अन्यायाचं आहे.

रथ का गेला? रथाचं फारसी नाव ‘रुख’ इथे कोणाला अर्थाचं वाटलं नाही, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला त्यापेक्षा साधं कारण पटतं. रथ लढाईतून केव्हाच बाद झाले होते, हत्ती होते. उंटही होते, त्यांच्या पाठीवरून डागायच्या लहान तोफांना मराठी कागदपत्रांत सुतरनाळ म्हणतात. लोकांनी डोळ्यांसमोरचं सैन्य पटावर ठेवलं. बंगालमध्ये चौघांनी खेळायच्या प्रकारात रथाच्या जागी नौका आली आणि तिथे ती आजही कोपऱ्यात आहे. रशियातही कोपऱ्यातलं मोहरं नौकाच आहे. त्यांना कोणी चूक म्हणत नाही.

मोहऱ्यांच्या आकारानेही हा घोळ वाढवला. मुस्लिम कारागीर प्राण्यांच्या हुबेहूब मूर्ती टाळत. त्यांचा हत्ती म्हणजे गोलसर ठोकळा आणि पुढे आलेली दोन टोकं, म्हणजे सुळे. युरोपात गेल्यावर त्या दोन टोकांत कोणाला धर्मगुरूची टोपी दिसली, कोणाला विदूषकाची. १८४९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेला जो नमुना पुढे स्पर्धांचा प्रमाण ठरला, त्यात टोपीची खाच आहे आणि कोपऱ्यात बुरूज आहे. आपल्याकडचे प्लास्टिकचे संच त्याच घाटाचे. त्यामुळे मुलांच्या हातात बुरूज असतो आणि तोंडात हत्ती. बुरूज म्हणजे हत्तीवरची अंबारी, ही लोकप्रिय जुळवाजुळव आहे. तिला आधार नाही.

वजिराची गोष्ट तुलनेने सरळ आहे. जुना वजीर, म्हणजे फर्जी, तिरपं एकच घर चालायचा. अकबराच्या दरबारातल्या कवीचा प्रसिद्ध दोहा आठवा: प्यादं फर्जी झालं की वाकडं वाकडं चालू लागतं. ती फक्त उपमा नाही, पटावरची खरी चाल आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये या मोहऱ्याला आजची लांब चाल मिळाली आणि ते राणी झालं. आपण नवी चाल घेतली, पण नाव वजीरच ठेवलं.

पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या आश्रयाने एका दाक्षिणात्य शास्त्र्याने बुद्धिबळावर संस्कृत ग्रंथ रचला. १८१४ साली मुंबईत त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं आणि ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचं शीर्षकातच सांगितलं होतं. देशी नियमांवरचा दाब तेव्हाच सुरू झाला होता.

ते नियम गावोगाव थोडे वेगळे असत, पण गाभा एक होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची चाल) नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मिळे. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या उभ्या रांगेत सुरुवातीला जे मोहरं असतं तेच होई, राजाच्या रांगेत वजीर. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. ‘प्यादेमात’ हा शब्द तिथला. शहाला काटशहही तिथलाच, आता तो राजकारणाच्या मथळ्यांत जास्त सापडतो. देशी डाव संथ उघडे, कारण दोन घरांची उडी नसल्याने प्यादी उशिरा भिडत. १९२९ साली ब्रिटिश विजेतेपद जिंकणारा पंजाबचा खेळाडू याच वळणाचा होता. सुरुवातीच्या चालींत कच्चा, शेवटच्या डावात अजोड.

महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय नियम रुजवण्याचं मोठं काम सांगलीत १९४१ साली सुरू झालेल्या मंडळाने केलं. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिल्या दशकातली विजेतेपदं मुंबईच्या तीन सख्ख्या बहिणींनी आपसात वाटून घेतली. त्यांच्यातली एक १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला. शेवटी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असं जागतिक संघटनेने ठरवलं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी याच वाटेने पुढे आली.

घरी आजोबांकडून शिकलेली मुलं स्पर्धेत अडखळतात ती ठरावीक ठिकाणी. किल्लेकोट करताना हत्तीला आधी हात लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट जातो आणि हत्तीच हलवावा लागतो. राजा आधी, आणि तोही एकाच हाताने. दुसरा वजीर हाताशी नाही म्हणून हत्ती उलटा ठेवला, तर पंच त्याला हत्तीच मानतात. वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. नियमबाह्य चाल पूर्ण झाली तर लांब वेळेच्या डावात समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात. दुसऱ्यांदा झाली तर बहुतेक वेळा डाव जातो.

नावांचा वाद प्रत्यक्षात बोचतो तो चाली लिहिताना. १९८१ पासून जागतिक संघटना फक्त बीजगणिती नोंद, म्हणजे मोहऱ्याचं आद्याक्षर आणि घराचं अक्षर-आकडा, मान्य करते, पण मोहऱ्याचं आद्याक्षर खेळाडूने आपल्या भाषेतलं लिहावं अशी मोकळीक नियमांतच आहे. इंग्रजीत राजा आणि घोडा दोघांचं पहिलं अक्षर ‘के’, म्हणून घोड्याला ‘एन’ द्यावं लागलं. मराठीत रा, व, ह, उ, घो ही पाचही अक्षरं एकमेकांपासून लांब आहेत. आता शुद्धीकरण म्हणून हत्तीचा रथ करा: ‘रा’ आणि ‘र’ यांत उरतो फक्त एक काना, आणि घड्याळाचं शेवटचं मिनिट चालू असताना घाईच्या अक्षरात तो पहिला जातो. उंटाचा हत्ती केला तर आजवर मराठीत लिहिलेल्या प्रत्येक डावातला ‘ह’ उलटा वाचला जाईल.