शेड आणि फिल्टर होल्डर: कपाळावरचा हात आणि नाकावरचा चष्मा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला मी पहिल्यांदा ४×५ इंची फिल्मचा टेक्निकल कॅमेरा (पुढं लेन्स, मागं फिल्म, मधे घड्यांचा भाता, आणि लेन्स वर-खाली सरकवता येते) घेऊन गेलो, तेव्हा लेन्सपुढे एक चौकोनी काळी चौकट लावली होती. दुकानात ‘शेड द्या’ म्हटल्यावर मिळालेली. भूवराह नरसिंहाच्या देवळावर सकाळचं ऊन बाजूनं येत होतं आणि चौकट लावली म्हणून मी निर्धास्त होतो. निगेटिव्ह धुतल्यावर कळलं, सावल्यांत कुणीतरी ताक ओतल्यासारखं झालंय. दगडाचा काळेपणाच गेलेला.

शहापुरातल्या एका स्टुडिओवाल्या काकांना ती चौकट दाखवली. ते म्हणाले, “अरे, ह्यो चष्मा हाय. ऊन डोळ्यावर आलं तर माणूस कपाळावर हात धरतोय की. चष्मा घालून ऊन अडतंय काय?”

दोन्ही वस्तू लेन्सच्या तोंडाशी बसतात, दोन्ही काळ्या आणि चौकोनी असतात, म्हणून गफलत होते. होल्डरचं काम म्हणजे फिल्टर जागेवर धरणं. शेडचं काम म्हणजे चित्रात न येणारा उजेड लेन्सपासून दूर ठेवणं. माझ्या हातात होता होल्डर, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर खोल. एवढ्याशा खोलीनं बाजूचं ऊन काय अडणार? व्हिडिओवाले लेन्सपुढे लावतात त्या खोक्यात, मॅट बॉक्समध्ये, दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे दुकानातही हे शब्द एकमेकांत मिसळतात.

टेक्निकल कॅमेऱ्याला शेड साध्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त लागते, आणि हे मला फार उशिरा उमगलं. ४×५ फिल्मवरच्या चित्राचा कर्ण साधारण १५३ मिलिमीटर. १५० एमएमची आधुनिक लेन्स मात्र एफ २२ वर (म्हणजे लेन्समधलं भोक, अॅपर्चर, बारीक केल्यावर) साधारण २१० मिलिमीटर व्यासाचं प्रकाशवर्तुळ टाकते, कारण लेन्स वर-खाली सरकवायला तेवढी जागा हवी. मग फिल्मबाहेर पडणारा उजेड जातो कुठे? भात्याच्या आतल्या घड्यांवर. तिथून परतून तो फिल्मवर पसरतो. निम्मं चित्र आकाशाचं असलं, की सूर्य लेन्सवर नसतानाही हा धूसर पडदा चित्रावर चढतो. म्हणून चांगली शेड फिल्मच्या आकाराची, चौकोनी असते आणि चित्राच्या कडेपर्यंत आवळत नेता येते. गोल, ठरावीक लांबीचं हूड इथं अपुरं पडतं.

आता शिखरासाठी लेन्स वर उचलली असं धरा. कॅमेरा सरळच आहे, पण फिल्म आता वरच्या बाजूचा उजेड घेते. सरळ बसवलेल्या शेडची वरची कड चित्रात घुसते आणि खाली नुसती मोकळी जागा राहते. भात्याची शेड असेल तर तिचं पुढचं टोक थोडं वर सरकवता येतं. लांब लेन्सला शेडचा भाता लांब ओढायचा, वाइडला मिटवायचा.

कड घुसली की नाही, हे कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, नुसतं पाहून कळत नाही, विशेषतः अॅपर्चर उघडं असताना. त्या वेळी कोपरा हळूहळू मावळतो आणि डोळा फसतो. फोटो ज्या अॅपर्चरवर काढायचा तिथं, समजा एफ २२ वर आणायचं आणि ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहायचं. अॅपर्चरचं भोक तिरकं दिसतं, बदामासारखं लांबट. ते अख्खं दिसलं तर ठीक. सरळ रेषेनं कापलं गेलं असेल तर शेड आत आलेली आहे, ती थोडी मागे घ्यायची. काचेवर चित्र उलटं असतं, म्हणून आकाशाचे कोपरे खाली तपासायचे. हे मी दर फोटोला करतो.

होल्डरचं गणित सोपं आहे. लेन्सच्या पुढच्या आट्याइतकी अडॅप्टर रिंग, तिच्यावर होल्डर, त्यात १०० मिलिमीटर रुंदीचे फिल्टर. छोट्या लेन्सला हे भरपूर होतं. खाचा लागतील तेवढ्याच ठेवाव्यात. तीन खाचांचा होल्डर वाइड लेन्सचे कोपरे खातो आणि मूव्हमेंट दिली, म्हणजे लेन्स सरकवली, की आणखी खातो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या, १२०४ साली बांधलेल्या कमल बस्तीच्या छतावरचं कमळ वाइडनं घ्यायचं, तर कडा काळवंडू नयेत म्हणून सेंटर फिल्टर लागतो. मध्यभागी गडद, कडेला स्वच्छ असा हा फिल्टर थेट लेन्सवर फिरवून बसवतात. होल्डरमध्ये तो चालत नाही. त्याचा बाहेरचा आटा लेन्सपेक्षा मोठा असतो. म्हणून अडॅप्टर रिंग विकत घेण्याआधी तो आटा मोजा.

दोन्ही लावायचे असतील तर आधी होल्डर आणि त्याच्या पुढे शेड. फिल्टर म्हणजे काचेचे आणखी दोन पृष्ठभाग. कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परतवतो. फिल्टरवरच ऊन पडत असेल, तर मागे कितीही सावली केली तरी उपयोग नाही. आणि फिल्टर व लेन्स यांच्यामधली फट काळ्या कापडानं झाका, पाठीमागचा उजेड तिथून शिरतो.

पैसे एकाचेच असतील तर आधी शेड घ्या, हे माझं ठाम मत. फिल्टर कधीमधी लागतो, शेड प्रत्येक फोटोला. गोकाकच्या धबधब्यासमोर तर ती तुषारही थोडे अडवते. फक्त येळ्ळूरच्या राजहंसगडावर मी ती काढून ठेवतो. तिथल्या वाऱ्यात शेडचा भाता शिडासारखा फुगतो आणि लेन्सच हलते. तिथं डार्क स्लाइड (फिल्म झाकणारं पातळ काळं पातं) हातात धरायची, कॅमेऱ्याच्या पुढे येऊन तिची सावली लेन्सच्या काचेवर पूर्ण पडली का ते पाहायचं, पात्याची कड चित्रात येत नाही याची खात्री करायची आणि वारा क्षणभर थांबला की केबल रिलीज दाबायची.