गोड चेरी की आंबट चेरी: घरच्या बागेत कोणती लावावी?

रोपवाटिकेत चेरीची कलमं बहुधा पानगळीनंतर विकायला येतात. पानं नाहीत, फळ तर नाहीच. कंबरभर उंचीची काठी, खाली मुळं आणि गळ्यात चिठ्ठी. गोड चेरी आणि आंबट चेरी शेजारी-शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस साहजिकच चवीवरून निवड करतो: गोड असताना आंबट कशाला घ्यायची? मला विचाराल तर एकच झाड लावायला जागा असणाऱ्याने चव सगळ्यात शेवटी बघावी. ही दोन झाडं वाढतात वेगळी, फळतात वेगळी आणि छाटावी लागतात तर अगदीच वेगळी.

ही एकाच झाडाची दोन वाणं नाहीत, दोन स्वतंत्र जाती आहेत. गोड चेरी म्हणजे प्रुनस एव्हियम, आंबट चेरी म्हणजे प्रुनस सेरासस. गोड चेरीच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, आंबट चेरीच्या पेशीत ३२. गोड चेरी आणि झुडपासारखी वाढणारी रानटी ठेंगणी चेरी यांच्या नैसर्गिक संकरातून आंबट चेरी जन्मली. ठेंगणेपणा आणि थंडीपुढचा चिवटपणा तिला बहुतेक या दुसऱ्या पूर्वजाकडून मिळाला.

झाड पालवलं की ओळख सोपी होते. गोड चेरीचं पान मोठं, पातळ, खाली लोंबणारं. पानाच्या देठावर, पातं सुरू होतं तिथे, टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन लालसर गाठी दिसतात. आंबटचं पान लहान, जाडसर आणि चकचकीत. बहरात तर खात्रीच करता येते: फुलांचा झुबका उचलून खाली बघा. आंबट चेरीत झुबक्याच्या बुडाशी इवलीशी हिरवी पानं फुटलेली असतात, गोडमध्ये नुसते तपकिरी खवले असतात.

आता चवीचंच बोलून घेऊ, कारण तिथे एक गंमत आहे. आंबट चेरीत साखर नसते असं नाही. पिकलेल्या गोड चेरीच्या रसात विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, साधारण १६ ते २० टक्के असते. आंबटमध्ये १२ ते १४. फरक आहे, पण फार नाही. खरी तफावत आम्लात आहे. मॅलिक आम्ल गोडमध्ये एक टक्क्याच्या आतबाहेर, आंबटमध्ये दीडच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणूनच आंबट चेरी शिजवली, मुरवली, तिचं सरबत किंवा जाम केला तरी तिचा स्वाद टिकतो. गोड चेरी शिजल्यावर मिळमिळीत होते. झाडाखाली उभं राहून तोंडात टाकायची असेल तर गोड, बरण्या भरायच्या असतील तर आंबट.

चवीचा प्रश्न एवढाच. त्यापेक्षा मोठा प्रश्न परागीभवनाचा. गोड चेरीचं जोमदार झाड दरवर्षी पांढरंशुभ्र फुलतं आणि पदरात चार फळं पडत नाहीत, तेव्हा खताला, पाण्याला, मातीला दोष दिला जातो. बहुतेक वेळा दोष एकटेपणाचा असतो.

गोड चेरीच्या बहुतेक जुन्या वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. प्रत्येक वाणाकडे ‘एस’ नावाच्या जनुकाची दोन रूपं असतात. बिंग या प्रसिद्ध वाणाकडे एस३ आणि एस४ आहेत. त्याच्या परागकणात यापैकी एक रूप येतं. पराग फुलाच्या टोकावर पडतो, रुजतो, त्याची नळी आत उतरू लागते. पण तेच रूप त्या फुलाकडेही असेल तर नळी अर्ध्या वाटेत अडवली जाते. बिंगच्या फुलावर बिंगचा कुठलाच पराग पुढे जाऊ शकत नाही. लॅम्बर्ट आणि नेपोलियन यांच्याकडेही नेमकी एस३-एस४ हीच जोडी आहे. म्हणजे ‘एकाला दुसरा जोडीदार हवा’ एवढंच ऐकून कोणी बिंगशेजारी लॅम्बर्ट लावला, तर दोन झाडं उभी राहतील आणि दोन्ही रिकामी राहतील. व्हॅनकडे एस१-एस३ आहे. त्याचा निम्मा पराग, एस१वाला, बिंगवर चालतो. रेनियर एस१-एस४, तोही चालतो. अर्थात दोघांचा बहर एका वेळी हवा आणि मधमाश्या हव्यात.

या कटकटीतून सुटका झाली ती क्षकिरणांमुळे. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत चेरीच्या परागावर क्षकिरण सोडून एस४ची अडवली न जाणारी आवृत्ती मिळवली गेली. तिच्या वंशातून कॅनडातल्या समरलँड केंद्राने १९६८ मध्ये स्टेला हे वाण आणलं: स्वतःच्या परागावर फळणारी बाजारात आलेली पहिली गोड चेरी. पुढची लॅपिन्स आणि स्वीटहार्ट त्याच घराण्यातली. स्टेलाचा हा बदललेला पराग इतर वाणांवरही चालतो, त्यामुळे शेजारी आधीच बिंग असेल तर बहर जुळल्यावर तिचंही भागतं.

आंबट चेरीला हे सगळं जोडीदार शोधणं बहुधा करावंच लागत नाही. मॉन्टमोरेन्सी, मोरेलो, नॉर्थ स्टार, मिटिऑर ही नेहमीची वाणं एकटी लावली तरी फळतात. मात्र आंबट चेरी गोडची जोडीदार म्हणून लावू नका. ती काही दिवस उशिरा फुलते आणि गोडच्या उपयोगी पडेलच असं नाही.

आकाराचा हिशेब खुंटावर, म्हणजे कलम ज्या मुळाच्या रोपावर बांधलेलं असतं त्यावर, ठरतो. गोड चेरी मॅझार्ड खुंटावर, म्हणजे रानटी गोड चेरीच्याच रोपावर बांधलेली असेल, तर तीस-पस्तीस फूट सहज जाते. वरची फळं पाखरांची, खालची तुमची. जर्मनीतल्या गीसेन इथे तयार झालेला गिसेला ५ हा खुंट झाडाला साधारण निम्म्यावर रोखतो आणि फळंही लवकर धरायला लावतो. त्याची किंमत अशी की मुळं कमकुवत, कायमचा आधार हवा, माती आणि पाणी चांगलं हवं. हयगय केली की फळं बारीक राहतात. घरच्या बागेत गोड चेरी लावायचीच असेल तर खुंटाचं नाव न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी घेणार नाही. आंबट चेरी साध्या खुंटावरही पंधरा-वीस फुटांत आटोपते. मिनेसोटा विद्यापीठाचा नॉर्थ स्टार तर मुळातच बुटका, आठ-दहा फूट. सॅस्केचेवान विद्यापीठाने कॅनडाच्या कडाक्याच्या थंडीसाठी काढलेली कार्माइन ज्युएल हे झाडही नव्हे, झुडूपच. सगळी फळं जमिनीवरून काढता येतात.

छाटणीत मात्र दोघींची गल्लत फार महागात पडते. गोड चेरी जुन्या लाकडावर धरते: दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या फांद्यांवर बोटाच्या पेराएवढे आखूड, गाठाळ फाटे असतात, आणि तोच फाटा दहा-बारा वर्षं फळ देतो. तो जपायचा असतो. फळं काढतानाही देठासकट, फाटा न मोडता काढायची. झाड सरळ वर पळतं, म्हणून कोवळ्या फांद्या बांधून आडव्या करणं कापण्यापेक्षा फायद्याचं. आंबट चेरीचा बराचसा माल गेल्या वर्षीच्या कोवळ्या फांदीवर येतो, मोरेलोचा तर जवळजवळ सगळाच. तिला हात न लावता सोडलं तर फांद्या लांब, उघड्या दोरीसारख्या होतात. शेंड्याला चार पानं, चार फळं. त्यात आणखी एक मेख आहे. वर्षभरात वाढ वीतभरही झाली नाही, तर त्या फांदीवरचे बाजूचे सगळे डोळे फुलांचेच होतात. त्या वर्षी माल दिसतो, पण पानाचा डोळा एकही नसल्यामुळे पुढच्या वर्षापासून तेवढा भाग कायमचा बोडका. म्हणून आंबट चेरीची जुनी फांदी दरवर्षी थोडी-थोडी मागे कापून नवी फूट काढत राहायची. दोघींच्याही जखमा कोरड्या, उबदार दिवसांत करा. ओल्या थंडीत जिवाणूंचा कँकर (सालीवर व्रण पाडणारा रोग) आणि रुपेरी पान हे रोग कापलेल्या जागेतूनच शिरतात.

हवामानाचा कल आंबटच्या बाजूने. पूर्ण बहरात उणे २.२ अंशाला सुमारे दहा टक्के फुलं मरतात, उणे ३.९ ला नव्वद टक्के. या दोन आकड्यांमध्ये एका रात्रीचाच फरक असतो. उशिरा फुलणारी आंबट अशा रात्री बऱ्याचदा चुकवते. ऐन पिकण्याच्या वेळी पाऊस आला तर गोड चेरी सालीतूनही पाणी शोषते आणि तडकते; आंबटमध्ये हे कमी. मोरेलो तर अर्धा दिवस सावली असलेल्या भिंतीलगतही फळते, गोडला ऊन हवंच. उलट पानावरच्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग आंबटला जास्त छळतो. ऐन उन्हाळ्यात पानं पिवळी होऊन गळतात. बुरशी पडलेल्या पानांत हिवाळा काढते, तेव्हा ती झाडून उचलणं हा निम्मा उपाय आहे.

साचलेलं पाणी दोघींनाही सोसत नाही, आणि पुरेसा थंड हिवाळा मिळाल्याशिवाय दोघींचेही डोळे नीट फुटत नाहीत.

‘ड्यूक’ नावाखाली दोन्हींचा संकर मिळतो, मे ड्यूक हे त्यातलं जुनं वाण. हौस असेल तर लावा, पहिलं झाड म्हणून नको.

तेव्हा एकाच झाडाची जागा असेल तर माझं मत मॉन्टमोरेन्सीला, जागा फारच अडचणीची असेल तर नॉर्थ स्टारला. गोडचाच हट्ट असेल तर बुटक्या खुंटावरची स्टेला किंवा लॅपिन्स घ्या आणि पाखरांसाठी जाळी त्याच दिवशी घ्या. तोडणीची घाई मात्र कुठल्याच चेरीला चालत नाही, कारण झाडावरून उतरल्यावर ती पिकत नाही. आंबट चेरी तयार झाली की नाही हे फळ हलकेच ओढून कळतं: देठ फांदीवर राहून फळ हातात आलं तर तयार, देठ घट्ट धरून असेल तर आणखी दोन दिवस थांबा.