'हार्ड अगेन'च्या मागची पस्तीस वर्षं

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची परंपरा. तिच्यातला मोठा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याचा 'हार्ड अगेन' हा अल्बम जानेवारी 1977 मध्ये बाजारात आला. त्याचं ध्वनिमुद्रण आदल्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात वेस्टपोर्ट इथे झालं आणि ते अवघ्या तीन दिवसांत आटोपलं. मडी तेव्हा साठी ओलांडलेला. त्याच्या कारकिर्दीवर लिहिणारे बहुतेक जण या अल्बमला 'पुनरागमन' म्हणतात. खरं तर मडी कुठे गेलाच नव्हता. दौरे चालू होते, पुरस्कारही मिळत होते. बिघडली होती ती त्याच्या नावावर निघणाऱ्या रेकॉर्डची तब्येत. ती का बिघडली, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

मॅककिन्ली मॉर्गनफील्ड हे त्याचं खरं नाव. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आजीनं त्याला वाढवलं. मळ्यावर अर्धलीची शेती. ट्रॅक्टर चालवायचा, शनिवारी रात्री स्वतःच्या झोपडीत दारू, जुगार आणि गाणं असा अड्डा भरवायचा, हा त्याचा दिनक्रम. ऑगस्ट 1941 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातले जॉन वर्क तिथे पोचले, तेव्हा हातभट्टी पकडायला आलेला सरकारी माणूस समजून मडी सुरुवातीला सावध होता. लोमॅक्सनं गाणी मुद्रित केली, पुढे दोन तबकड्या आणि वीस डॉलरचा धनादेश पाठवला. आपला आवाज रेकॉर्डवर इतरांसारखाच वाजतो, हे मडीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. 1943 मध्ये मजुरीत वाढ मागितल्यावर मुकादमानं नकार दिला आणि त्यानं शिकागोची गाडी पकडली.

शिकागोच्या दक्षिण भागात मिसिसिपीहून आलेल्यांची दाटी होती. छोटे बार, वर गर्दी, गोंगाट. लाकडी गिटार तिथे कोणाला ऐकू जाणार? मडीनं इलेक्ट्रिक गिटार धरली ती आधुनिक व्हायच्या हौसेनं नव्हे, आवाज टेबलापर्यंत पोचावा म्हणून. 1948 मध्ये ॲरिस्टोक्रॅट या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, त्याचं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' काढलं. गिटार आणि बिग क्रॉफर्डचा डबल बेस, बस्स. पहिल्या प्रती बघता बघता संपल्या. दुकानदार एका गिऱ्हाइकाला एकच प्रत देत होता आणि त्यानं मलाही सूट दिली नाही, असा किस्सा मडी पुढे सांगायचा.

हे लेबल लिओनार्ड आणि फिल चेस या पोलंडहून आलेल्या ज्यू भावांच्या हाती आलं आणि 1950 मध्ये 'चेस' झालं. पुढची सात-आठ वर्षं मडीचा सुवर्णकाळ. लिटल वॉल्टरचा माउथऑर्गन, जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, ओटिस स्पॅनचा पियानो. विली डिक्सननं लिहिलेलं 'हूची कूची मॅन' 1954 चं, 'मॅनिश बॉय' 1955 चं. त्याच्या 'रोलिन' स्टोन'वरून पुढे लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचं नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवलं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढे काळा तरुण श्रोता सोल संगीताकडे वळला, आणि ब्लूजला नवा श्रोता मिळाला तो गोरा, कॉलेजातला. चेस कंपनीनं या श्रोत्याचा मागोवा घेत मडीला एकामागून एक वेश चढवले. लोकगीतांची लाट होती तेव्हा 1964 मध्ये 'फोक सिंगर' आला. तो मात्र अप्रतिम आहे. त्यात लाकडी गिटारची साथ करणारा तरुण बडी गाय 2011 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी वाजवून गेला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी ही परंपरा समोर बसून ऐकली. मग 1968 मध्ये सायकेडेलिक रॉकची लाट, म्हणून 'इलेक्ट्रिक मड'. गिटारचा आवाज फाडणाऱ्या-वाकवणाऱ्या फझ आणि वा-वा पेडलच्या कल्लोळात मडीचा आवाज कुठेतरी मागे. पुढे हिप-हॉपवाल्यांनी ही रेकॉर्ड डोक्यावर घेतली आणि आज ऐकताना तिच्यात दम आहे असं मलाही वाटतं. पण मडीची तक्रार रास्त होती: जी गाणी स्वतःचा बँड घेऊन स्टेजवर वाजवता येत नाहीत, ती त्याची कशी?

ऑक्टोबर 1969 हा महिना फार वाईट गेला. मोटार अपघातात मडीची कंबर मोडली आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. त्यानंतर तो बहुतेक स्टुलावर बसूनच गायचा. त्याच महिन्यात लिओनार्ड चेस वारला. कंपनी आधीच विकली गेली होती. नव्या मालकांनी 'लंडन सेशन्स' काढले, त्यात रोरी गॅलाघर आणि मिच मिचेल हे रॉकवाले. 1975 मध्ये वुडस्टॉकचा अल्बम, त्यात 'द बँड' या रॉक गटाचा ड्रमवादक लेव्हॉन हेल्म. दोन्हींना ग्रॅमी मिळालं. वुडस्टॉकचा चांगलाही आहे. तरी या रेकॉर्डमध्ये मडी यजमान कमी आणि सन्माननीय पाहुणा जास्त वाटतो. त्याच सुमारास चेसचा गाशाच गुंडाळला गेला आणि अठ्ठावीस वर्षं एकाच घरी गाणारा माणूस पहिल्यांदा मोकळा झाला.

इथे जॉनी विंटर येतो. टेक्ससच्या बोमाँटचा, जन्म 1944 चा, पांढरेशुभ्र केस, लहानपणापासून चेसच्या तबकड्यांची पारायणं केलेला. 1968 मध्ये ऑस्टिनच्या एका क्लबात मडीच्या आधी त्यानं वाजवलं होतं. वर्षभरात कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीनं त्याला प्रचंड रकमेचा करार दिला आणि तो रॉकचा तारा झाला. त्याचा मॅनेजर स्टीव्ह पॉल याचं 'ब्लू स्काय' हे लेबल होतं. मडीनं तिथे करार केला आणि निर्मात्याच्या खुर्चीत विंटर बसला.

विंटरनं माणसं निवडली तिथेच निम्मी लढाई जिंकली. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रमवर विली 'बिग आइज' स्मिथ, गिटारवर बॉब मार्गोलिन, हे तिघे मडीच्या चालू बँडमधले. माउथऑर्गनला जेम्स कॉटन, जो 1954 पासून डझनभर वर्षं मडीबरोबर होता. त्यानं आपला बेसवादक चार्ल्स काल्मीज आणला. सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवणार. खोलीत दूरवर माइक लावले, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला. त्या काळात स्टुडिओवाले हे टाळायला जिवाचं रान करत. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, कोरडं, निर्जंतुक. विंटरला तीच सरमिसळ हवी होती. मैफलीत तबल्याचा ठेका गायकाच्या माइकमधूनही येतो आणि म्हणूनच ती मैफल वाटते, तसंच हे.

'मॅनिश बॉय' कान देऊन ऐकण्यासारखं आहे. मडी आधी एकटाच सुरू करतो आणि मग सगळा बँड एका फटक्यात कोसळतो. पुढे तेच एक छोटं वळण फिरत राहतं, कॉर्ड बदलतच नाही. मागून जो ओरडतोय, किंचाळतोय, दाद देतोय, तो विंटर. 1955 च्या मूळ तबकडीतही मागे बायकांचा चीत्कार होता, म्हणजे प्रथा पाळली गेली. कव्हरवरच्या श्रेयनामावलीतही विंटरच्या नावापुढे गिटारबरोबर या किंचाळण्याची रीतसर नोंद आहे. अल्बमच्या नावाबद्दल इतकंच सांगतो की हे संगीत ऐकून आपल्या उतारवयात काय फरक पडला, याबद्दल मडीनं केलेल्या चावट शेऱ्यातून ते आलंय.

या अल्बमनं मडीला त्याचा जुना आवाज परत दिला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पन्नाशीच्या दशकातल्या चेसच्या रेकॉर्डमध्ये बरीच मोकळी जागा आहे. ड्रम मागे, गिटारची दोन बोटं इकडे, माउथऑर्गनचा एक उसासा तिकडे. 'हार्ड अगेन'चा ड्रम दणदणीत आहे, गिटारी जाड आहेत. रॉकच्या स्टेजवर वाढलेल्या माणसाच्या कानात त्या तबकड्या जशा साठल्या होत्या, तसा हा आवाज आहे. शिवाय मडीनं यात गिटारला जवळजवळ हातच लावलेला नाही. 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड', ज्या गाण्यातल्या स्लाइडनं (तारांवर नळी घसरवत वाजवण्याच्या ढंगानं) त्याला नाव मिळवून दिलं, त्यातली स्लाइडही इथे विंटरची, धातूच्या नॅशनल गिटारवर. म्हणजे शिष्यानं गुरूचा हात स्वतः वाजवला आणि गुरू निवांत गायला. गाणं ऐकलं की तक्रार करावीशी वाटत नाही.

ध्वनिमुद्रणानंतर दीडेक महिन्यानं, 25 नोव्हेंबर 1976 ला, सॅन फ्रान्सिस्कोत द बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात मडीनं तेच 'मॅनिश बॉय' गायलं. त्याचं चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. 'हार्ड अगेन'ला ग्रॅमी मिळालं, ते 'वांशिक किंवा पारंपरिक लोकसंगीत' अशा विभागात. अमेरिकेच्या निम्म्या लोकप्रिय संगीताचा पाया ज्यानं घातला त्याला बसवायला दुसरं दालन त्यांना सापडलं नाही! विंटरबरोबर आणखी तीन अल्बम झाले: 'आय ॲम रेडी', मग एक लाइव्ह, आणि 1981 चा 'किंग बी'. शेवटचा आला तोवर पैशांवरून बँड फुटला होता आणि तो पुरा करायला आधीच्या सत्रांतली उरलेली गाणी घ्यावी लागली. 30 एप्रिल 1983 ला मडी गेला. पर्किन्स आणि स्मिथ मात्र वाजवत राहिले. फेब्रुवारी 2011 मध्ये दोघांनी मिळून केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेव्हा पर्किन्स 97 वर्षांचा होता.