वैद्यकीय प्रतिमाचित्रण सिम्युलेटर

एक्स-रे, सीटी, एमआरआय यांमागचे भौतिकशास्त्र किरणोत्सर्ग न वापरता संगणकावर शिकवणारी आज्ञावली. सरावासाठी माणसावर एक्स-रे मारता येत नाही, रुग्णालयातले यंत्रही सहसा मोकळे सापडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अनेक मुले दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत येतात. घातांकी सूत्र पाठ करण्यापेक्षा आलेख हलताना पाहिला, की त्यांना विषय लवकर उमगतो.

सुरुवात ‘स्पेकपाय’ या एक्स-रेचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन) काढणाऱ्या आज्ञावलीने करावी. एक्स-रे नळीतल्या टंगस्टनच्या लक्ष्यावर ६० केव्ही (किलोव्होल्ट) दिले की वर्णपटात नुसता गुळगुळीत उंचवटा दिसतो. ८० दिले की ५८-५९ आणि ६७ केईव्हीजवळ (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) टोकदार शिखरे उगवतात. टंगस्टन अणूच्या सर्वांत आतल्या के-कवचातला इलेक्ट्रॉन उखडायला ६९.५ केईव्ही लागतात, एवढेच कारण. मग २.५ मिमी ॲल्युमिनियमची गाळणी काढून पाहावी. कमी ऊर्जेचे फोटॉन भसाभस वाढतात. ते त्वचेतच जिरतात, चित्राच्या कामाचे नसतात.

खरी परीक्षा ‘गेट’ या आज्ञावलीत होते; कणांचा पदार्थातला प्रवास यादृच्छिक आकड्यांनी उभा करणाऱ्या जियंट-४ वर ती उभी आहे. ६० केईव्हीचा झोत २० सेंमी पाण्यातून सोडावा. क्षीणन गुणांक (झोत किती वेगाने घटतो तो आकडा) ०.२०६ प्रति सेंमी, म्हणजे घातांकी सूत्राने १.६ टक्के फोटॉन पार व्हायला हवेत. मोठा शोधक (डिटेक्टर) पाण्याला चिकटवून ठेवला तर आकडा बराच जास्त येतो आणि विद्यार्थी सूत्रावर संशय घेतो. चूक सूत्राची नाही. विखुरलेले फोटॉनही मोजले गेलेले असतात. शोधक लांब नेऊन समोर अरुंद छिद्र ठेवले, की हिशेब जुळतो. एक लाख फोटॉन सोडले तर सुमारे १६०० पोचतात, त्रुटी अडीच टक्के. ती निम्मी करायला चौपट फोटॉन लागतात.

खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून लांबलचक रन तुकड्यांत चालवावा. मात्र प्रत्येक तुकड्याला वेगळा सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू) द्यावा. सीड तोच राहिला तर दहाही तुकडे हुबेहूब एकसारखे निघतात आणि बेरीज करूनही गोंगाट तसूभर कमी होत नाही.

एमआरआयसाठी ब्लॉख समीकरणांवरचे (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे चुंबकत्व कसे बदलते ते सांगणारी समीकरणे) सिम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतात. सीटीसाठी शेप-लोगन फँटम (डोक्याच्या छेदाचे लंबवर्तुळांनी बनवलेले नमुना-चित्र) पुरे. १८० ऐवजी ३० प्रक्षेपणे (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या एक्स-रे सावल्या) घेतली की चित्रभर रेघा उमटतात. प्रक्षेपणे आणि पुनर्रचना (त्यांतून चित्र परत उभे करणे) पिक्सेलच्या एकाच जाळीवर करण्याचा मोह टाळावा. चित्र वास्तवापेक्षा देखणे येते. प्रक्षेपणे बारीक जाळीवर काढून त्यांत गोंगाट मिसळावा आणि मगच पुनर्रचना करावी.