आधी माशाचं तोंड बघा

अंगणात हौद बांधला की मासे निवडले जातात ते रंगावरून. दुकानदारही रंगच दाखवतो: केशरी गोल्डफिश, लाल-पांढरे कोई, चमकदार गप्पी. माझ्या मते रंग शेवटी बघावा, आधी तोंड बघावं.

तोंड वर वळलेलं असेल तर मासा पृष्ठभागावर खाणारा, खाली वळलेलं असेल तर तळ उकरणारा. मत्स्यशेती करणारे कटला, रोहू आणि मृगळ एकाच तळ्यात सोडतात ते याच हिशेबाने. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. पाणी एक, ताटं तीन. हे मासे किलोकिलोंनी वाढतात, तेव्हा घरच्या हौदात तत्त्व तेवढं घ्यावं.

कोई आणि गोल्डफिश लहानपणी सारखेच दिसतात. नीट पाहिलं तर कोईच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या दिसतात, गोल्डफिशला मिशा नसतात. कोई त्या मिशांनी चिखलातलं अन्न चाचपतो, कमळाची कुंडी उकरतो आणि पाणी गढूळ करतो. शिवाय तो दोन फुटांपर्यंत वाढतो. लांबट, एका शेपटीचा साधा गोल्डफिश त्याच्याबरोबर टिकतो. गोलमटोल, दुहेरी शेपटीचा मात्र खाण्याच्या झटापटीत मागे पडून उपाशी राहतो. गप्पी तर कोईच्या तोंडात सहज मावतो, आणि मावलं की संपलंच. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी हवेत तर कोई नकोत. अळ्या श्वासासाठी पाण्याच्या वरच्या कडेला लटकतात, आणि वर वळलेल्या तोंडाच्या गप्पीला त्या नेमक्या सापडतात. डासांवरच्या उपायासाठी 1928 मध्ये भारतात आणलेला गंबुसियाही अळ्या खातो, पण शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. मी तो शोभेच्या हौदात सोडणार नाही.

जोड्या जमल्या तरी बडोद्याचा मे महिना उरतोच. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. उष्ण पाण्यात माशाची भूक आणि श्वासाची गरज मात्र वाढते. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून मासे गुदमरतात ते बहुधा पहाटे, तोंड वर काढून. अशा वेळी मोठे मासे आधी दगावतात. लोक कारंजं संध्याकाळी पाहुण्यांसाठी लावतात आणि झोपताना बंद करतात. खरी गरज त्यानंतर असते. उन्हाळ्यात मासे कमी, सावली जास्त आणि हौद निदान तीन फूट खोल हवा. नळाचं पाणी एकदम भरू नये, त्यातल्या क्लोरीनने कल्ले भाजतात.

राहता राहिला पावसाळा. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला की मगरी रस्त्यावर येतात याचं आपल्याला कौतुक, पण त्याच पाण्यातून हौदातले मासे नदीत जातात याकडे लक्ष नसतं. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर यात सगळ्यात वाईट. अंगावर चिलखत, कमी प्राणवायूतही हवा गिळून जगणारा, आणि काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालणारा. तो घेऊच नये. हौदाचा कठडा अंगणापेक्षा हातभर उंच बांधावा आणि जादा पाणी काढणाऱ्या पाइपाला बारीक जाळी लावावी, गप्पीचं पिल्लूही अडेल इतकी.