२५ टक्के सुटतात, पण कशावर?

टक्का म्हणजे दर शंभरी किती, हे शाळेत घोटून झालंय. ‘शेकडा नफा’ही आठवत असेल: नफा भागिले खरेदी किंमत, गुणिले शंभर. घोळाचं मूळ नेमकं तिथेच आहे. शाळेतला शेकडा नफा खरेदीवर काढतात, त्याला बाजारात मार्कअप म्हणतात. मार्जिन मात्र विक्रीवर काढतात. आणि लोक दोन्हींना बिनदिक्कत ‘नफ्याचे टक्के’ म्हणून मोकळे होतात.

१०० ला घेतलेली वस्तू १२५ ला विकली, २५ सुटले. ते १०० शी ताडले तर मार्कअप २५ टक्के, १२५ शी ताडले तर मार्जिन २० टक्के. पैसे तेच, छेद बदलला.

इथवर सगळे माना डोलावतात. मग विचारा, २५ टक्के मार्जिन हवं असेल तर किंमत किती लावायची? भलेभले १२५ म्हणतात. अहो, विक्रीतला पाव हिस्सा नफा, तर खरेदीचे १०० हा उरलेला पाऊण हिस्सा. १०० भागिले ०.७५, म्हणजे १३३.३३. जो १२५ लावतो तो दर नगामागे आठाहून जास्त सोडतो आणि वर्षअखेरीला वहीत चूक शोधत बसतो.

त्यावर कडी म्हणजे सूट. ‘२५ टक्के चढवले, २० टक्के सोडले, पाच तरी उरतील!’ काही उरत नाही. १२५ चे २० टक्के म्हणजे पुरते २५. हातात मुद्दल १००, वाहतूक आणि भाडं पदरचं.

करासहित ११८ मधून १८ टक्के वजा करून ९६.७६ ला मूळ किंमत म्हणणारे याच जातीचे. तिथे १.१८ ने भागायचं असतं.

‘३०० टक्के मार्जिन’ ऐकलं की माझं डोकं उठतं. खरेदी फुकटात पडली तरी मार्जिन १०० च्या वर जात नाही. ३०० टक्के असतो तो मार्कअप, त्याचं मार्जिन ७५.

मी स्वतः मार्जिनच धरतो, कारण सूट, दलाली, सगळी कापाकापी विक्रीच्या रकमेवर होते. मार्कअप सांगितला गेला तर तो अपूर्णांकात लिहायचा आणि छेदात अंश मिळवायचा, की मार्जिन हाती येतं: १/४ चा १/५, १/३ चा १/४, २/५ चा २/७. तोंडी होतं.