अँटेनाची वायर: चपट्या पट्टीपासून आरजी-६ पर्यंत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते व्हीएचएफच्या (टीव्हीच्या कमी मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या) चौथ्या चॅनेलवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झवर. तरंगलांबी साडेचार मीटरच्या आसपास, म्हणून अँटेनाचा दुहेरी दांडा दोन मीटरहून रुंद. त्याचा रोध (इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध) सुमारे ३०० ओहम. चपटी, दोन तारांची वायरही ३०० ओहमची. दोन्ही जुळतात, म्हणून ती थेट जोडायची आणि खाली सोडायची. कोरडी असेपर्यंत तिच्यात सिग्नलची घट फारच कमी. पण तिचं विद्युतक्षेत्र तारांबाहेर पसरतं. त्यामुळे ती लोखंडी पाइपाला बांधली, किंवा पावसाळ्यात भिजली, की पडद्यावर मुंग्या.

गोल कोॲक्सियल वायर (मध्ये एक तार, तिच्याभोवती धातूची जाळी) तिच्याहून जुनी आहे. एस्पेनशिड आणि ॲफेल या अमेरिकी अभियंत्यांनी तिच्या पेटंटसाठी १९२९ मध्ये अर्ज केला. क्षेत्र मधली तार आणि जाळी यांच्यातच कोंडलेलं राहत असल्यामुळे ती पाइपाशेजारून खुशाल नेता येते. तिच्या प्रकारांना लावलं जाणारं आरजी हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराचं. घट सर्वांत कमी पडते ती ७७ ओहमच्या आसपास (आत हवा असेल तर), म्हणून टीव्हीला ७५ ओहमची वायर आली. ती ३०० ओहमच्या दांड्याला नुसती पिळून जोडली, तर सुमारे ३६ टक्के सिग्नल उलटा फिरतो. मध्ये चारास एकचा बालून (३०० ओहम ७५ शी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवाच.

केबल टीव्हीच्या काळात घरोघरी आरजी-५९ ही ७५ ओहमची वायर शिरली. मग डीटीएच आलं. छत्रीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, आणि मेगाहर्ट्झ वाढले की घटही वाढते, म्हणून जाड तारेची आरजी-६ रुळली. तिची मधली तार सुमारे १ मिलिमीटरची, आरजी-५९ ची ०.८. १००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे घट अनुक्रमे सुमारे २१ आणि २७ डेसिबल (घट मोजायचं एकक). यूएचएफ (व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्याच्या) अँटेनाला २० मीटरच्या वायरीत हा फरक एका डेसिबलइतकाच. तेवढ्यासाठी भिंत फोडू नये. जुन्या वायरीचा खरा शत्रू पाणी: टोक सोलून पाहा, जाळी काळी किंवा हिरवी पडली असेल तर ती बदलाच.

नवी घेताना मधली तार चुंबकाला लावून बघावी. चिकटली तर आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. सिग्नल वरच्या थरातूनच जातो, तेव्हा त्याला फरक पडत नाही. पण खांबावर बूस्टर असेल, तर त्याची डीसी वीज याच तारेतून वर चढते, आणि वायर लांब असली की व्होल्टेज पडतं. तिथे निव्वळ तांब्याचीच घ्यावी.